माझ्या वजनाचा शॉकअप

…आणि वर तो मेकॅनिक मलाच सांगतो, ‘गाडीत काही दोष नाही, ताई!’ दोष नाही? अहो, मग रस्त्यात एवढासा खडा आला तरी मी सीटवरून उडते ती काय हौसेने? तुम्हाला सांगते, माझं वजन चव्वेचाळीस किलो, तेही जेवल्यावर. ही मोटारसायकल मुळात नवऱ्याची. तो नव्वदीच्या पुढचा, किलोने म्हणतेय मी, वयाने नाही. त्याच्या मापाने मागचे दोन्ही शॉकअप आवळून ठेवलेले. त्याला कारखान्याची बस मिळाली आणि गाडी आली माझ्याकडे. त्या स्प्रिंगा माझ्या वजनाने हलतच नाहीत हो. मी बसले काय, न बसले काय, त्यांना पत्ताच नाही…

नुसती माझी हाडं खिळखिळी झाली असती ना, तर एक वेळ गप्प बसले असते. पण माझं काम काय? घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढायचं आणि लॅबमध्ये नेऊन द्यायचं. आता नळीतलं रक्त असं घुसळत नेलं तर ते धड राहील का? आतल्या पेशी फुटतात, आणि लॅबच्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणतात, ‘सॅम्पल बाद. परत काढून आणा.’ परत काढून आणा! यांचं म्हणायला काय जातं? टोचायला मला जावं लागतं ना. एका आजोबांकडे तिसऱ्यांदा गेले, तर ते दारातच म्हणाले, ‘परवाचं संपलं का गं?’ हसू की रडू कळेना मला. आणि त्याच दिवशी मॅडमनी शेवटचं सांगितलं, यापुढे सॅम्पलं बाद झाली तर फिरतीचं काम दुसऱ्या कुणाला. म्हणजे मी घरी बसायचं!

मग गेले मेकॅनिककडे. हा मेकॅनिक म्हणजे… गॅरेजच्या दारातून तिरका होऊन आत जातो, एवढंच सांगते. म्हटलं, दादा, शॉकअप माझ्या वजनाला मऊ करून द्या. तर काय केलं असेल? स्वतः बसला गाडीवर, धपकन. दोनदा दाबली. गाडी आपली मुकाट खाली. ‘बघा, मऊच आहे. गाडीत काही दोष नाही, ताई.’ अहो दादा, तुम्ही बसल्यावर ट्रकसुद्धा मऊ होईल! बरं, मी हटूनच बसले म्हणून पाना घेऊन शॉकअपच्या कड्या जरा सैल केल्या. म्हटलं, सुटले एकदाची. तर म्हणतो, ‘थांबा, एक चक्कर मारून बघतो.’ गेला. आला. ‘खाली टेकते हो, धोका आहे,’ आणि पुन्हा आवळून टाकल्या की कड्या! आता टेकली कुणाच्या वजनाने? याच्या. चालवायची कुणी? मी. पुढच्या आठवड्यात परत गेले, तर या माणसाने माझ्यादेखत नवऱ्याला फोन लावला, ‘साहेब, ताई सैल करा म्हणतायत. काय करू?’ आणि तिकडून आमचे हे, ‘राहू दे घट्ट. सवय होईल तिला.’ मला होईल हो, त्या रक्ताला कोण लावणार सवय? ‘तेच म्हणतो मी, साहेब, गाडीत काही दोष नाही…’

माझं डोकंच फिरलं. पाना घेतला त्याच्या हातातून ओढून, बसले तिथेच जमिनीवर, आणि शेवटच्या खाचेपर्यंत सैल केल्या दोन्ही कड्या. हात काळे, ड्रेस काळा. उठले आणि स्वतः बसले गाडीवर. तुम्हाला सांगते, ती गाडी माझ्याखाली जराशी दबली. जराशीच… पण डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. कुणीतरी पहिल्यांदा माझी दखल घेतली होती.

त्यानंतर एक सॅम्पल बाद नाही. आजोबा चहा विचारायला लागले. मॅडम खूश, आणि इतक्या खूश की परवा बोलावून म्हणाल्या, ‘तुमचं काम सगळ्यात चोख. उद्यापासून ही नवीन मुलगी तुमच्या मागे बसून फिरेल. शिकवा तिला.’ मुलगी गुणी आहे, बोलायला गोड, पण बांधा थेट आमच्या ह्यांच्या वळणावर गेलेला. ती मागे बसली आणि गाडीने बूडच टेकलं. पहिल्याच खड्ड्यात धाड, दुसऱ्यात धाड… आणि दुपारी मॅडम चष्म्यावरून, ‘सॅम्पल बाद.’

गेले परत गॅरेजात. काय करणार? मान खाली घालून म्हटलं, दादा, घट्ट करून द्या. त्याने पाना उचललाच नाही. इतक्या खेपांत पहिल्यांदा मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि काळजीने म्हणाला,

‘नको ताई. तुमच्या वजनाला कडक पडेल.’