सातांमध्ये त्रेचाळीस

—अन् आता आठ दिवस झाले, एक खोटा भोंगा नाही. बसा न काकाजी, उठले काहून? तुमच्या साहेबांले द्यायचं पत्र तयार आहे, आमच्या सौरव सरांनी सही करूनच ठेवली. पण उमरेडहून एसटीनं इथं मिहानमध्ये आमच्या कंपनीपर्यंत आले अन् ह्या गॅसच्या मीटरले काय झालं होतं ते न ऐकताच जाता का? तुमच्या खाणीत गॅस नसताना ह्यानं तीनदा भोंगा वाजवला, तीनदा माणसं वर पळाली, अन् नाव कोणावर आलं — देवाजीवर, म्हणजे तुमच्यावर. म्हणे देवाजीनं तपासणीच्या बाटलीतला गॅस मुद्दाम मीटरवर सोडला. सस्पेंड. ठाऊक आहे मले सगळं.

मीटरच्या आत एक सॉफ्टवेअर राहते, कर्नल म्हणतात, म्हणजे घरातला कारभारी समजा. प्रोसेसर एक, कामं दहा — कारभारी एकाले उठवते, दुसऱ्याले बसवते. अन् प्रोसेसरजवळ आकडे ठेवायचे बारके बारके खण राहतात. गॅसचं गणित अर्धं झालं, आकडे खणात आहेत, तेवढ्यात तापमानाचं काम घाईनं घुसलं — तर जुने आकडे आधी बाजूले ठेवायचे, मग जसेच्या तसे परत मांडायचे. पंगतीत एकाचं अर्धं ताट असताना त्यावरच दुसऱ्याले वाढतो का आपण? नाही न. म्हणून आमच्यात नियमच आहे, घाईनं घुसणाऱ्या कामात दशांशाचं गणित करायचंच नाही, काहून की दशांशाचे खण तेव्हा कारभारी जपतच नाही. अन् इथं कोणीतरी नेमका तिथंच दशांशाचा गुणाकार टाकला होता.

सापडलं कसं ते तर ऐका, लय मजा आली. खाणीसारखं तापावं म्हणून एसी बंद केला, सगळ्या खणांत सात भरले, अन् पाहत बसली — सातच आहेत का, सातच आहेत का. दोन दिवस सातच. शेजारच्या टेबलावरची रितिका म्हणे, मयुराताई, तुम्ही घरी जा, तुम्हाले ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सातांमध्ये एक त्रेचाळीस पॉइंट दोन! अन् भिंतीवरच्या थर्मामीटरवर पाह्यलं, तर तिथंही त्रेचाळीस पॉइंट दोन. नाचली जी मी, खरं सांगते. गॅसच्या खणात तापमान जाऊन बसलं होतं. मग ती गुणाकाराची ओळ उघडली, अन् नाचणं बंद, म्हटलं अगं बाई, हे तर मागच्या दिवाळीत मीच—

हं. बोलून गेली न मी. हो काकाजी, मीच. पूर्णांकात करायले चार ओळी लागल्या असत्या, मी एकीत उरकलं. आता केल्या त्या चार.

असे नका पाहू. त्यापेक्षा रागवा. तुमची खाणीतल्या नोंदींची वही पण हे सापडल्यावरच उघडली मी. भोंग्याच्या वेळी गॅस एकतीस पॉइंट चार, अन् बाजूच्या रकान्यात तापमान, तेही एकतीस पॉइंट चार. तिन्ही वेळी तसंच. तुम्ही दोन्ही आकडे किती नीट लिहून ठेवले होते, वाचणारं कोणी असतं तर पाच मिनिटांत... पहिला रिपोर्ट? 'ऑपरेटरची चूक' लिहिलं होतं तो? तो... तोही माझाच. टेबलावर वही होती, डबा खायची घाई होती, अन् आपलं सॉफ्टवेअर चुकत नाही अशी मस्ती होती. लाज वाटते जी.

काय म्हणता? सरांच्या पत्रात तुमचं नाव आहे का? पाहू द्या... 'मीटरमध्ये तांत्रिक सुधारणा करण्यात आली.' बस, एवढंच. म्हणजे तुमच्या खाणीतले साहेब हे वाचतील, मान हलवतील, अन् तुम्ही तसेच घरी. नाही, हे नका नेऊ. द्या इकडे.

थांबा, नवं पत्र हातानंच लिहिते. 'भोंगा मीटरच्या चुकीनं वाजला. चूक माझ्या, मयुराच्या, हातून झाली. देवाजींनी नोंदी बरोबर ठेवल्या होत्या. माझा पहिला रिपोर्ट खोटा आहे.' ही सही, हा शिक्का. वाचा एकदा. बरोबर आहे न?

माझं काय होईल ते मी पाहते. आभार कायचे मानता काकाजी, काहीच नका बोलू. ठेवा खिशात, अन् मागच्या जिन्यानं उतरा — सर जेवून येऊन राहिले. जा न जी, जा.