कुलपामागच्या तीन ओळी

लोक एका बातमीला एक रुपया देतील का, असं तू विचारलंस म्हणून सांगतो. मोताळ्यात मी मोबाईलवर बातम्या द्यायचो, तेव्हा हे करून पाहिलंय. पहिल्या दोन ओळी फुकट. पुढच्या मजकुराला कुलूप, रुपया भरला की उघडायचं.

त्या वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली आणि फवारणी करताना चार मजूर बेशुद्ध झाले. मी बातमी केली. फवारणीची कोणती दोन औषधं एकत्र करायची नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलेलं खाली, कुलपामागं टाकलं. रुपये आलेही, बहुतेक पुण्या-मुंबईहून. मी खूश होतो.

आठ दिवसांनी कळलं, धामणगाव बढ्याचे हनीफभाई सरकारी दवाखान्यात आहेत. ते रोजानं फवारणीला जायचे. भेटायला गेलो, तर डोळ्यांवर पट्टी. माझा आवाज ओळखून म्हणाले, "भाऊ, तुमची बातमी उघडली होती मी. पुढचं वाचाले रुपया मांगत होती. माह्या मोबाईलवरून पैसे जात नाहीत."

"मग?"

"मंग दुकानदाराले इचारलं. तो म्हणे, दोन्ही मिसळा, अळी लवकर मरते."

मग म्हणाले, "आता तरी वाचून दाखवा, काय लिवलं होतं पुढं."

मी मोबाईल काढून वाचलं. तीन ओळी होत्या.

"एवढंच होतं?"

"हाव," म्हणालो.

बातमीचं कुलूप मी तिथंच, त्यांच्या खाटेवर बसून काढलं. त्यांची नजर काही परत आली नाही.