तुरीच्या मुळांतला वायू मोजताना

जमलेल्या सर्वांना नमस्कार. काकाजी, तुम्ही समोर बसलात, आणि मला तुमच्या पत्नीबद्दल, आपल्या सुनंदा मॅडमबद्दल 'होत्या' म्हणायचं आहे. जीभ वळत नाही. तरी बोलते.

मी शुभांगी, अकोल्याची. इथल्या प्रयोगशाळेत मॅडमच्या हाताखाली संशोधन केलं. आमचा विषय एकच. वावरात पाणी साचलं, की तुरीची मुळं नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किती तयार करतात? तो दिसत नाही. क्षणात नाहीसा होतो. मग मोजायचा कसा? आम्ही मुळांना एक रंगद्रव्य द्यायचो. तो वायू भेटला, की ते सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकतं.

आमची मुळं चमकली. अशी चमकली, की प्रयोगशाळेत पेढे वाटले! शोधनिबंध स्वीकारला गेला. सगळे खूश. मॅडमनी तेवढा पेढा बाजूला ठेवला.

म्हणाल्या, "चमकलं म्हणजे तोच वायू कशावरून? आधी तो शोषून घेणारं रसायन मुळाले दे. मंग पाय, चमक जाते का."

दिलं. चमक गेली नाही. जराही नाही. आम्ही भलतंच काहीतरी मोजत होतो!

मी रडले. म्हटलं, मॅडम, छापून येऊ द्या, कोणाला कळणार आहे?

"तुले कळलं ना? मले कळलं ना? मंग झालं."

त्यांच्या बढतीचं वर्ष होतं, मित्रांनो. त्याच दुपारी त्यांनी निबंध मागे घेतला. बढती हुकली. लोक बोलले. मॅडमनी सुईसारख्या इलेक्ट्रोडने नव्याने मोजायला घेतलं. आजार बळावला, तरी राजापेठेतल्या घरून ऑटोने प्रयोगशाळेत येत राहिल्या. काकाजी, तुम्ही रागावायचात. त्या तरी यायच्या.

गेल्या महिन्यात इलेक्ट्रोडवर वायूचा संकेत मिळाला. लहानसा. शोषून घेणारं रसायन दिलं, आणि तो गेला, म्हणजे या वेळी वायू खराच! मी दवाखान्यात धावले. "मॅडम, गेला! गेला!" शेजारच्या खाटेवरच्या बाई घाबरून उठून बसल्या. मॅडम किती हसल्या! मग म्हणाल्या, "आता दुसऱ्याच्या हातानं होऊ दे. तुया हाताले या उत्तराची सवय झाली."

सोमवारी मी रोपं घेऊन अकोल्याच्या प्रयोगशाळेत जातेय. प्रयोग तिथले सहकारी करतील. मी हात लावणार नाही. आकडा आमच्या बाजूने येईल? नाही येणार? जो येईल, तो जसाच्या तसा लिहू. यात बदल नाही.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणीच काही बोलू नये.

मॅडम, नमस्कार. काम सुरू आहे.