सहावा तुकडा

— नाही, ते यंत्र अजून चालू करू नका. आधी बसा. तुम्ही संगणकावरच्या जुन्या फायली जमवता, मी अंगाईगीतं जमवली — म्हणजे आपण एकाच धंद्यातले, घाई कसली? ते बदक तुम्हाला लहानपणापासून पाठ असेल, नाही का? पडद्यावर अंड्याला झोके देणारं बदक, मागे अंगाई म्हणणाऱ्या एका बाईचा आवाज, आणि मध्येच एक ओळ दोनदा. आता कुठेही जा, लोक ती ओळ दोनदाच म्हणतात. त्या दुहेरी ओळीवर मी व्याख्यानं दिली आहेत — पाठभेद कसा जन्माला येतो, वगैरे. कसा येतो? अपघातानं. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून गाणं पाठवायचं म्हणजे त्याचे तुकडे करावे लागत. मी नऊ केले, पलीकडे आठ पोचले. सहावा वाटेत हरवला. तिकडच्या कुणा भल्या माणसानं पाचवाच पुन्हा जोडून भोक बुजवलं, आणखी कुणी त्यावर ते हलतं बदक काढलं, आणि बदक निघालं गावभर — गावभर कसलं, जगभर. माझी मूळ टेप? तळघरात पाणी शिरलं, त्यात गेली. गाणारी कोण, हे मात्र कुणी विचारलं नाही. लोकगीताच्या बाबतीत ते कोण विचारतं?

माझी बायको होती ती.

असं बघू नका, फार वर्षं झाली. ती गेली तेव्हा मुलगी जेमतेम उभी राहायला लागली होती. पुढे 'आई कशी होती?' म्हणाली, की मी बदक लावायचो — दुसरं काय लावणार? मग एकदा तिनं विचारलं, बाबा, हरवलेल्या तुकड्यात काय होतं? मी सांगितलं — आई गाता गाता थांबली, आणि तुला म्हणाली, 'झोपली का गं माझी चिमणी?' आठवत होतं म्हणूनच सांगितलं. निदान तेव्हा आठवत होतं. मग ती तापानं फणफणली की सांगितलं, रुसली की सांगितलं, लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं मुद्दाम मागून घेतलं — आणि आता तीच तिच्या लेकाला सांगते, माझ्यापेक्षा रंगवून. मी उभा जन्म वर्गात हेच शिकवलं, की सांगणारा खोटं बोलत नसतो. सांगता सांगता गोष्टच त्याच्या तोंडात वळण घेते. मग माझ्या तोंडात घेतलं नसेल कशावरून? चिमणी असेल तिथे. नुसता खोकला असेल. 'बंद करा हो ते' असेल — टेपचा तिला कंटाळाच होता. आज मला आठवतं ते तिचं बोलणं, की माझं सांगणं? आणि तुम्ही ते डबडं टेबलावर ठेवून म्हणता, कुणाच्या तरी अडगळीत नऊच्या नऊ तुकडे सापडले.

तुम्ही ऐकलंय ना? ऐकलंच असणार — न ऐकता कोण एवढा जिना चढेल? मग एवढंच सांगा, त्यात — नको. सांगू नका. मानही हलवू नका.

खाली का बघता?

— बरं. गुंडाळा ते. चहा पुन्हा कधीतरी. मुलगी एवढ्यात येईलच. जिन्यात गाठ पडली तर बाजूला व्हा, तिला वाट द्या, काय बोलायचं ते बोला — फक्त खाली बघू नका.