ऐतवारचा दाखला

ढोकीहून धाराशिवला निघालेल्या एसटीत मागच्या बाकावरच्या तरुणाच्या आणि म्हाताऱ्याच्या बोलण्यात शाळेचं नाव निघालं, तसे पुढे बसलेल्या, त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या योगीराज गुरुजींनी कान टवकारले.

“शाळंपाशी उतरणार, काका. पोराचा दाखला काढायचाय.”

“आज ऐतवारी?”

 तरुणानं उलट विचारलं, “तुमी कुठं?”

“त्याच शाळंत. दारू सोडणाऱ्यांची बैठक असती तिथं.”

“…म्याबी तिथंच निघालो व्हतो. पर लाज वाटतीया. माघारीच जातो.”

“सातवीच्या वर्गात बसतो आमी. बाक बारके, गुडघे आपटत्यात.”

“हसत्यात का कुणी?”

“हसत्यात की, एकमेकांच्या थापांवर! पहिल्यांदा म्या बायकोला सांगितलं, सोयरीक बघाय चाललो.”

एसटी थांबली. तरुण आधी उठला.

त्या दोघांना उतरायला जागा व्हावी म्हणून गुरुजींनी वाटेतली आपली पिशवी मांडीवर घेतली.