बोडक्या मानेची नऊ पिल्लं

…आणि वर आमची भाची मलाच सांगतीय, "मामा, शांत व्हा, ही कोंबडीची पसंती असते." पसंती? अवो, कोंबडीला कसली आलीय पसंती? पत्रिका काढून बघती काय ती? दाणा टाकला की खायाचा, अंडं आलं की घालायचं, सांज झाली की खुराड्यात जाऊन बसायचं, एवढाच तिचा कारभार. आणि तुम्हास्नी सांगतो, असल्या सात जणींनी मिळून माझी अशी शोभा केलीय की आज पाचगावात दूध आणायला जाताना मी लांबच्या रस्त्यानं जातोय. आणि मी केलं हुतं काय? चांगला कोंबडा आणला. जातिवंत. आता ह्यात माझं काय चुकलं?

थांबा, पहिल्यापास्नं सांगतो, न्हाईतर तुम्ही पण अर्धं ऐकून हसाल.

मी कृष्णात. बिद्रीला साखर कारखान्यात काट्यावर चौतीस वर्सं काढली. उसाची गाडी आली की वजन करायचं, हे काम. पण माझी नजर अशी बसल्याली की गाडी फाटकातनं वळतानाच मी आकडा सांगायचो, आणि काटा मागनं माझंच म्हणणं सांगायचा. चौतीस वर्सात मालाची पारख माझी कधी चुकली न्हाई, हे आधी डोक्यात घ्या. दोन हजार दोनला रिटायर झालो, पाचगावात घर बांधलं, मागं परडं, परड्यात आमच्या मंडळींच्या, म्हंजे कालिंदीच्या, सात गावठी कोंबड्या. त्यांचा कोंबडा म्हातारा होऊन गेला. कालिंदी म्हणाली, "कुणाकडनं तरी एक पिल्लू आणा, मोठं हुईल." मी म्हणलं, न्हाई. आणायचा तर एक नंबर आणायचा. माणसानं बी-बियाणं बघून घ्यावं की न्हाई? आँ?

कोल्हापुरात प्रदर्शन लागलं हुतं जनावरांचं, तिथं शिरोळच्या एका माणसाचा पत्ता मिळाला, बसलिंगाप्पा म्हणून, त्याचा धंदाच हा, प्रदर्शनाला कोंबडी तयार करायची. गेलो शिरोळला. माणूस मोठा गोड, बोलण्यात कानडी मिसळल्यालं. "बर्री पावणं, बर्री, आत या, नोडी, हा बघा." आणि पिंजऱ्याचं दार उघडलं… काय सांगू तुम्हास्नी. मानेवर तांबूस सोनेरी पिसं, शेपूट हिरवं-काळं, असं कमानीसारखं वर जाऊन खाली आल्यालं, पाय उसाच्या कांडीएवढं. मी नुसतं बघितलं आणि म्हणलं, चार किलो शंभर ग्रॅम. बसलिंगाप्पानं तागडीत घातला. चार किलो शंभर ग्रॅम. हाय का न्हाई नजर? तो जाताना काहीतरी म्हणत हुता, "पावणं, ह्यो पिंजऱ्यात वाढलाय, हातानं भरवलाय, जरा बघा…" पण मी कुठं ऐकतोय. डालग्यात घातला, डालगं मांडीवर घेतलं, शिरोळपास्नं कोल्हापूरपर्यंत एस.टी.त तसाच बसलो, मांडीला मुंग्या आल्या पण खाली ठेवला न्हाई. नाव ठेवलं सरदार.

गल्लीतल्या बाया बघायला आल्या. सहा घरांस्नी मी तिथल्या तिथं शब्द दिला, पहिली पिल्लं निघाली की तुम्हाला एकेक. तोंडानं दिला. माझा शब्द म्हंजे काट्याचा शब्द.

तर सरदारला परड्यात सोडला. कण्या टाकल्या. आणि ह्या चार किलोच्या गड्यानं काय केलं? कोंबड्यांकडं शेपूट करून एकटा खायाला लागला. एक कोंबडी जवळ आली तर तिच्या डोक्यात चोच. सगळ्या कण्या संपवल्या, मग आठवण झाली की आपण नवरदेव हाय, मग धावला एकीच्या मागं, बसला तिच्यावर, ती अशी वरडली की कालिंदी पिठाच्या हातानं बाहेर आली. पाठीवरची पिसं गेली बिचारीची. दुसऱ्या दिवसापास्नं सरदार एका कोपऱ्यात आणि ह्या सात दुसऱ्या कोपऱ्यात. मी म्हणलं, लाजत असतील. नवीन हाय. सवय हुईल.

आता शेजारची तानाबाई. आमच्या आणि तिच्या परड्यात मेंदीचं कुंपण हाय, मध्ये मध्ये विरळ. तिचा एक कोंबडा, गणप्या. अवो, त्याला कोंबडा म्हणायचं म्हंजे… सव्वा किलो, तेही पावसात भिजला तर. मान बोडकी, जन्मापास्नं पिसं न्हाईत, लालभडक, सोलल्यासारखी. शेपटाला तीन पिसं, त्यातलं एक मोडल्यालं. डाव्या पायाची नखी न्हाई. असलं ध्यान माझ्या काट्यावर आलं असतं तर मी वजन न करता परत धाडलं असतं.

आणि आमच्या सातही जणी कुंपणातनं त्याच्याकडं. पहिली गेली ती काळी, आमची जुनी जाणती कोंबडी, घरातली थोरली म्हणा. मागनं बाकीच्या, रांगेनं.

मी दोन दिवस खुर्ची टाकून बसलो, की ह्याच्याकडं असं हाय तरी काय. तर हा काय करायचा, किडा सापडला की खायाचा न्हाई. चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, "कुक-कुक-कुक-कुक", असं मऊ आवाजात बोलवायचा. ह्या पळत जायच्या, तो बाजूला सरायचा, त्या खायाच्या. बरं, तेवढंच असतं तर एक. पण मी ह्या डोळ्यांनी बघितलंय, किडा नसला की गडी वाळकं काटुक उचलून "कुक-कुक" करायचा. काटुक. म्हंजे फसवणूक. आणि ह्या त्यालाही जायाच्या. आणि इकडं चार किलोचा खानदानी माणूस हुबा. सांगा, संताप हुईल का न्हाई?

गेलो तानाबाईकडं. ती दारात तांदूळ निवडत बसल्याली. म्हणलं, "तानाबाई, तुमचा कोंबडा आवरा."

"का वो भाऊजी, काय केलं त्यानं?"

"आमच्या कोंबड्या बिघडवतोय."

तिनं सूप खाली ठेवलं. "भाऊजी, तो कुठं हुबा हाय?"

"तुमच्या परड्यात."

"तुमच्या परड्यात कवा आलाय?"

मी बघितल्यालं खरं ते खरं. म्हणलं, "न्हाई आला."

"मग पाय कुणाचं चालून येत्यात? तुमच्याच कोंबड्यांचं की. त्यांस्नी जाऊन सांगा."

असं बोलून परत सूप घेतलं. मी नीट सांगायला गेलतो, आणि उलट मलाच ऐकून यावं लागलं. ह्यात माझं काय चुकलं?

आता आमची भाची, अदिती. कोल्हापुरात एम.एस्सी. करतीय, प्राणिशास्त्र, रविवारी जेवायला येती. तिला वाटलं काय कुणास ठाऊक, दोन रविवार वही घेऊन कुंपणापाशी बसली. आणि मग मला शिकवायला लागली. "मामा, ह्याला लैंगिक—" म्हणलं, जेवताना बोलू नको. "बरं, निवड म्हणते. बहुतेक जनावरांत नर मिरवतात आणि मादी निवडते. अंडी तिची, कष्ट तिचे, म्हणून चोखंदळपणाही तिचाच. मोराचा पिसारा कशानं झाला? पिढ्यान् पिढ्या लांडोरींनी तसले मोर निवडले म्हणून."

मी म्हणलं, "मग सरदारच्या शेपटात काय कमी हाय?"

"शेपूट छान आहे. पण कोंबडी तुरा बघते, मामा. तुरा लालबुंद असला की अंगात रोग नाही, जंत नाहीत. सरदारचा तुरा फिकट आहे. आणि खाऊ घालतो का, घार आली तर ओरडतो का, हेही बघतात."

"आणि वजन?"

"वजन तुम्ही बघता."

कालिंदी तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं ठसका लागला.

मग मी ठरवलं. पसंती काय, निवड काय, सगळी शिस्त लावतो. सातही कोंबड्या आणि सरदार, दहा दिवस जाळीच्या खोपटात कोंडलं. कुंपणाच्या फटी पत्र्यानं बुजवल्या. पहिल्या तीन दिवसांची अंडी खाऊन टाकली, धोका नको म्हणून, आणि पुढची अकरा साठवली. काळी खुडूक झाल्याली, तिच्याखाली घातली. एकवीस दिवस. तुम्हास्नी सांगतो, मुलगा झाला तेव्हा मी बिद्रीला गळीत हंगामात अडकलो हुतो, दवाखान्यात बी गेलो न्हाई. पण ह्या अकरा अंड्यांपाशी मी दिवसातनं दहा येळा जायाचो.

एकविसाव्या दिवशी सकाळी सहा घरच्या बाया आल्या. बसलिंगाप्पाला फोन करून ठेवल्याला. अदिती आल्याली. काळीला हळूच उचललं. अकराच्या अकरा निघाल्याली. पिवळी, तपकिरी, गोंडस… आणि अकरातल्या नऊंच्या माना बोडक्या.

  नऊ पिल्लं गळा वर काढून सगळ्यांस्नी आपल्या बापाचं नाव सांगत हुती.

तेवढ्यात कुंपणापलीकडनं तानाबाई. हातात हळदी-कुंकवाचा करंडा आणि वाटीत कण्या. "म्हणलं, नातवंडं बघून यावं."

मी अदितीकडं वळलो. "दहा दिवस कोंडल्या हुत्या. कुलूप लावून. किल्ली माझ्या कमरंला."

ती म्हणाली, "मामा, कोंबडी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. दोन आठवडे, कधी जास्तही. कोंडलंत तेव्हा गणप्याचं आतच होतं."

"आणि सरदारचं?"

"नको असलेल्याचं ती बाहेर टाकून देते. तसा अभ्यास झालाय."

"मग ती दोन तरी? पिसांची? ती तर सरदारची?"

"त्यांचंही खात्रीनं सांगता येत नाही, मामा. गणप्याची सगळी पिल्लं बोडकीच होतील असं नसतं."

आता बोला. मी दार लावलं, कुलूप घातलं, फटी बुजवल्या, आणि ह्या कोंबड्यांनी सगळा निकाल आतल्या आत लावून टाकल्याला. ह्यात माझं काय चुकलं? सहाही घरांनी सांगितलं, "राहू दे काका, आम्ही तानाबाईकडनंच घेतो, तसली तर तसली." माझा शब्द गेला. चौतीस वर्सांचा शब्द, एका सकाळी. बसलिंगाप्पाला फोनवर बोललो, जरा चढूनच बोललो. तो शांत. "पावणं, मी सांगत हुतो की जाताना. त्यो प्रदर्शनाचा कोंबडा हाय. संसाराचा न्हाई."

तरी मी सरदारला धरून हुतो बरं का. पण आठवड्यानं काय झालं, दुपारची येळ, पिल्लं परड्यात, आणि वर घार फिरायला लागली. मी ओसरीवर. आधी कळलं ते गणप्याला, पलीकडनं असा कर्कश वरडला की काळीनं पिल्लं तिथंच पंखाखाली घेतली. घार खाली आली. आणि गणप्या, जो कधी माझ्या परड्यात आला न्हवता, तो कुंपणावरनं उडून आला, मोडक्या शेपटासकट, आणि घारीच्या अंगावर गेला. मी काठी घेऊन पोचस्तोवर घार उठल्याली. गणप्याच्या छातीवर ओरखडा, पिल्लं सगळी जागच्या जागी. आणि सरदार? सरदार सापडला माझ्या स्कूटरखाली. डोकं चाकाच्या मागं, शेपूट बाहेर, कमानीसारखं.

मी काठी ठेवली, पक्कड आणली आणि कुंपणाचा पत्रा काढला. तानाबाई पलीकडनं बघत हुती. तिनं टोमणा मारला न्हाई, हे तिचे उपकार.

पण डोकं काही थंड हुईना. चहा घेताना कालिंदीला म्हणलं, "बघितलंस? चांगलं-चुंगलं, वजनदार, खानदानी स्थळ घरात आणून दिलं, आणि ह्यांची पसंती बघ. सात कोंबड्या, आणि साती जणींस्नी पसंती हाय. माणसात तरी असं असतंय का?"

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "मला कुठं कुणी इचारलं हुतं."

मी म्हणलं, "काय?"

"अडुसष्ट साली. मला कुणी इचारलं न्हाई. बाबांनी कारखान्याची नोकरी बघितली."

पस्तीस वर्सं झाली, आणि हे मला आज कळतंय.  मग म्हणलं, जरा दबकतच म्हणलं, "आणि इचारलं असतं तर?"

तिनं बशी तोंडाला लावली, सावकाश संपवली, खाली ठेवली. "तुमच्या आधी आजऱ्याचं एक स्थळ आलं हुतं. मुलगा सारखा हसत हुता. मला बरं वाटलं हुतं."

आणि उठून आत गेली भाकरी टाकायला, जसं काही झालंच न्हाई.

आता ह्या वयात आजऱ्याला जाऊन कुणासंगं भांडायचं, सांगा.