कोरल आणि बोअरचं पाणी

माझ्या कोरलचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये मी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवलीय ना, त्यातलं जिवंत प्रवाळ. कोरलचा सांगाडा वाढायला कॅल्शियम लागतं आणि अल्कलिनिटी, म्हणजे कार्बोनेटही. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या, घालायच्याही वेगवेगळ्या वेळी, नाहीतर दोन्ही मिळून पाण्यात चुना धरतो.

बाबांना हे मुळीच पटत नव्हतं. "आपल्या बोअरच्या क्षारांनी दरवर्षी गीझर जातो. ते क्षार तू आरओनं काढतोस, आणि वर कॅल्शियम बाटलीतून विकत आणतोस?"

त्यांना समजावण्याच्या नादात मी दोन्ही डोस एकदमच ओतले. पाणी बघता बघता पांढरंफटक. बाबांनी चष्मा पुसून टाकीत पाहिलं. "आता झालं बोअरसारखं."

कोरल मिटून गोळा झालं. मी बरंचसं पाणी बदललं, आणि मग रोज थोडा थोडा डोस, सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. बाबा बघायचे.

परवा ऑफिसातून आलो, तर कोरल पूर्ण उमललेलं. समोर खुर्ची टाकून बाबा बसलेले, शेजारचे चाचा गप्पा मारायला आलेले. बाबा त्यांना ओठावर बोट ठेवून सांगतायत, "हल्लू बोलो मियाँ, अब्बीच उठा है."